उजवा हात दर्याचा

दाढीचा अर्धा फेस उतरला होता तेव्हा शिवदासला आरशात आपलं चित्र दिसलं. गिरगावातलं नेहमीचं केशकर्तनालय, कडेने पारा उडालेला आरसा, आणि आरशात पाठीमागच्या भिंतीवर टांगलेलं एकसष्ट सालचं नवंकोरं कॅलेंडर. गेल्या खेपेला ते नव्हतं. त्यावर त्याचा तांडेल, मासेमारीच्या मचव्याचा म्होरक्या, उभा होता. उघडी छाती, डोक्यावर लाल टोपी, कमरेला कोळ्यांचा तिकोनी रुमाल, डावा हात डोलकाठीवर आणि उजव्या मुठीत उघडी सुरी. मागे दूर किनाऱ्यावर त्याची बायको, एका हाताने डोक्यावरची टोपली सावरणारी, दुसरा हात पदराआड. आरशात तारखा उलट्या दिसत होत्या, त्या दिसणारच. चित्र मात्र अगदी त्याने काढलं होतं तसं दिसत होतं आणि नेमकं हेच विचित्र आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मानेवर वस्तरा असताना माणूस फार विचार करत नाही. उलट त्याला बरंच वाटलं. वार्षिक प्रदर्शनात या चित्राला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. एका समीक्षकाने लिहिलं होतं की ठिपक्यारेघांच्या या जमान्यात एका तरुण चित्रकाराने कॅनव्हासवर पुन्हा पुरुष उभा केला आहे, आणि त्याच्या मुठीतली सुरी म्हणजे त्याचं मूर्तिमंत पुरुषत्व आहे. मग बोटींची इंजिनं विकणाऱ्या एका कंपनीने कॅलेंडरसाठी चित्र मागून घेतलं. कच्ची प्रत बघायला ये असा निरोप आला होता, तो गेला नव्हता. आता न्हाव्याला सांगावं का, हे चित्र माझं म्हणून, असा विचार करत तो उठला, टॉवेलने कान पुसत वळला, आणि तसाच उभा राहिला. सुरी डाव्या हातात होती. किनाऱ्यावरच्या बाईचा टोपलीला लागलेला हात, हिरव्या बांगड्यांनी भरलेला, उजवा होता. खाली कोपऱ्यात त्याची सही, पाठमोऱ्या अक्षरांत. न्हावी वस्तरा धुता धुता म्हणाला की नाव उलटं आलंय खरं, पण आमच्या दुकानात सगळे आरशातच बघतात, चालून जाईल.

चालून गेलं असतंही. त्या दुकानात, त्या रस्त्यावर, अख्ख्या गिरगावात ते चित्र उलटं असलं काय नि सुलटं असलं काय, कोणाचं काही बिघडत नव्हतं. सुरी या हातात असो की त्या, पुरुष पुरुषच राहणार आणि बाई बाईच. पण रेवदंड्याच्या कोळीवाड्यात बाईचे दोन हात सारखे नसतात. लग्नाच्या वेळी नवरीच्या उजव्या हातातला काचेचा चुडा उतरवतात आणि दर्यात सोडतात. हा हात तुझा, आमचा माणूस आम्हाला परत दे. त्यानंतर उजव्या हातात चांदीचा गोठ काय तो राहतो. काचेच्या बांगड्या फक्त डाव्या हाताला. नवरा जोवर दर्यावर जातो तोवर उजवा हात दर्याचा. त्या हातात बांगड्या दिसल्या म्हणजे एकच अर्थ. दर्याशी केलेला करार मोडला, हिचा माणूस घरी बसला. आणि असा हात सबंध कोळीवाड्यात एकाच बाईचा होता. ती शिवदासची आई. चित्रातल्या तांडेलाचा चेहरा होता त्याच्या बापाचा, चांगदेव तांडेलाचा. तो काही लपून राहण्यासारखा नव्हता, तुटलेली डावी भुवईसुद्धा त्याने काढली होती. ती आता उजवी झाली होती, एवढंच. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे आरशाने काकण झाकलं होतं आणि पाठ फिरवल्यावर ते दिसलं होतं.

कॅलेंडर कंपनीच्या माणसाने त्याला खुर्ची दिली, चहा दिला. छापखान्यात निगेटिव्ह पालथी लागली असेल, होतं असं कधी कधी, पण चित्र दोन्ही बाजूंनी छानच दिसतं, हे खऱ्या कलेचं लक्षण, असं तो हसून म्हणाला. शिवदासने विचारलं, प्रती गेल्या कुठे? तो म्हणाला, सगळ्या किनाऱ्यावर गेल्या, रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत, प्रत्येक कोळीवाड्यात घरटी एक. इंजिन घेणारे तेच ना. शिवदासने चहा तसाच ठेवला. घरी बायकोने, नलूने, विचारलं की एवढं तोंड उतरायला झालं काय. नलू नागावची, नारळीच्या वाडीतली. समुद्र तिच्या परसापाशी होता, पण तो ऐकायला आणि बघायला. सासूच्या दोन्ही हातांत बांगड्या बघून तिला कधी काही वाटलं नव्हतं, बायकांच्या दोन्ही हातांत बांगड्या असतातच. लग्नाला पाच वर्षं झाली तरी त्याने तिला उजव्या हाताची गोष्ट सांगितली नव्हती. सांगायची तर सगळीच सांगावी लागली असती. तो एवढंच म्हणाला की चित्र उलटं छापलंय. ती म्हणाली, मग तुम्ही का उलटे झालात? दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच त्याने पकडली. जाऊन नक्की काय करणार होता ते त्याचं त्याला माहीत नव्हतं. भिंतीवरची कॅलेंडरं तो काही उतरवू शकत नव्हता. पण बापाने ते कोणाकडून ऐकावं, कोणीतरी दात काढून त्याला ते दाखवावं आणि मुलानेच जगजाहीर केलं असं त्याला वाटावं, याच्या आत पोचायला हवं होतं. आपला मुलगा आपल्याला हसतो असं म्हाताऱ्याला वाटलं तर ते कशाने पुसणार?

लाँच बंदराबाहेर पडली तशी त्याने सवयीने मधला बाक धरला आणि नजर क्षितिजावर ठेवली. तांडेलाचा मुलगा आणि त्याला बोट लागते, ही कोळीवाड्यातली जुनी गंमत होती. दहाबारा वर्षांचा असताना बापाने त्याला मचव्यावर घेतलं, पहिल्या दिवशी ओकला, दुसऱ्या दिवशी ओकला, आठवड्याने खलाशी त्याच्या नावाने पैजा लावू लागले की आज खांदेरीचं बेट दिसायच्या आधी की नंतर. बापाने महिनाभर वाट बघितली आणि एका पहाटे त्याला उठवलंच नाही. तो जागाच होता, पांघरुणातून बघत होता. बाप दारात थांबला, जाळ्याचा भारा खांद्यावर घेतला आणि गेला. त्या दिवसापासून त्या विषयावर दोघे एक अक्षर बोलले नाहीत. पुढे शिवदास भिंतींवर कोळशाने मचवे काढायला लागला, शाळेतल्या गुरुजींनी मुंबईच्या चित्रशाळेचं नाव काढलं, आणि बाप म्हणाला की जाऊ दे, त्याचा दर्या कागदावरचा असंल. हे मायेने म्हटलं की हिणवून, हे शिवदासला कधी ठरवता आलं नाही. चित्रशाळेत मात्र त्याने त्याचा सूड घेतला असं म्हणता येईल. त्याला पुरुषच काढायचे होते. बायका सगळेच काढत होते, पाणी भरणाऱ्या, वेणी घालणाऱ्या, कलिंगडाशेजारी निजलेल्या. तो पाठीचे कणे काढी, मानेच्या शिरा काढी, दोर खेचताना दंडावर उठणारी गाठ काढी. त्यांचे मास्तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, बाईचा हात रिकामा असला तरी चालतो, तो नुसता असतो; पुरुषाचा हात कधी रिकामा ठेवू नका. नांगर द्या, तलवार द्या, दोर द्या, काही नाही तर काठी द्या. रिकाम्या हाताचा पुरुष म्हणजे भिकारी नाही तर संत. सगळे हसले होते आणि सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं. तांडेल काढायला घेतला तेव्हा शिवदासकडे बापाचा चेहरा होता, तो न बघता काढता येत होता. छाती आणि मांड्या लालबागच्या एका पैलवानाच्या, जो तासावर बसत असे आणि बसल्या बसल्या चणे खात असे. हात कोणाचे घ्यावेत हा प्रश्न होता. बापाचे हात त्याला आठवायचे नव्हते. म्हणून पैलवानाचेच घेतले, आणि उजव्या मुठीत सुरी दिली, प्रत्येक कोळ्याच्या कमरेला असते तशी, कारण हात रिकामा ठेवायचा नव्हता. बाप डावरा आहे हे त्याला माहीत होतं; पैलवान उजवा होता आणि प्रकाश उजवीकडून चांगला येत होता. सुरी कशासाठी उपसली आहे, काय कापायला, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. समीक्षकानेही विचारलं नाही. सुरी उपसलेला माणूस शूर दिसतो, तेवढ्याने भागतं.

पण बापाने सुरी कशासाठी उपसली होती हे त्याला माहीत होतं, आणि रेवसला उतरून तो एसटीत बसला आणि गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली तेव्हा त्याला ते आठवायचं टाळता आलं नाही. बावन्न सालचा भाद्रपद. तो गणपतीला घरी आला होता. चांगदेवाचा मचवा डोलीच्या जाळ्यांवर गेला होता. भर दर्यात खुंट रोवलेले असतात, त्यांना ही पिशवीसारखी जाळी बांधायची आणि भरतीओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत येते. दुपारनंतर नैर्ऋत्येकडून अंधारून आलं. जाळी भरलेली, मचवा त्यांना बांधलेला, आणि दर्या असा उसळला की मचव्याची पुढची नाळ पाण्यात जायला लागली. बाकीच्या तांडेलांनी वाट बघितली. चांगदेवाने वाट बघितली नाही. त्याने कमरेची सुरी काढली आणि दोर कापले, एक, मग दुसरा, आणि दोन्ही जाळी मासळीसकट सोडून मचवा किनाऱ्याला घेतला. त्याच्या मचव्यावरचे सगळे खलाशी रात्रीपर्यंत आपापल्या घरी होते. आता बाकीचा एखादा मचवा जरी त्या दिवशी बुडाला असता, तर चांगदेव देव ठरला असता. पण कोणीच बुडालं नाही. वादळ तासाभराने निवळलं, आणि सकाळी सगळे मचवे भरलेल्या जाळ्यांसकट, गाणी म्हणत परत आले. त्यात कोणाचा दोष होता? वादळाने फसवलं म्हणावं, तर वादळ काही कोणाला शब्द देत नाही. तिसऱ्या दिवशी चांगदेव मचव्यावर गेला तर नाळेला हिरव्या बांगड्यांची माळ बांधलेली होती. सदूने बांधली असं सगळे म्हणत. सदू चांगदेवाचाच खलाशी होता, त्या दिवशी त्याच मचव्यावर होता, आणि दोर कापले तेव्हा त्यानेच चांगदेवापुढे हात जोडले होते असंही सगळे म्हणत. बांगड्या भर म्हणून सांगायची ती रीत होती. लोक बघायला उभे होते. चांगदेवाने माळ सोडली, एकही बांगडी न फोडता, टोपीत ठेवली आणि घरी आला.

आणि मग ते झालं जे शिवदासने पाहिलं. तो परसातून आला होता, दार अर्धं लोटलेलं होतं. जनी, त्याची आई, चुलीपाशी पाटावर बसली होती, उजवा हात पुढे केलेला, गोठ काढून बाजूला ठेवलेला. तिच्या समोर बाप उकिडवा बसला होता. शेजारी वाटीत खोबरेल. त्याने तिचा पंजा तेलाने चोळला, अंगठ्याखालचं हाड आत दाबलं, कासारणी दाबतात तसं, आणि डाव्या हाताने एक एक बांगडी तिच्या हातात चढवू लागला. त्याच बांगड्या. आई रडत नव्हती, बापही रडत नव्हता. दुखलं तर ती नुसती ओठ आवळत होती आणि तो थांबत होता. दोर वळून वळून घट्टे पडलेली ती बोटं इतक्या नाजूकपणे काही करू शकतात हे शिवदासला माहीत नव्हतं. त्याला शरम वाटली. गावाने दिलेली शिवी या माणसाने घरी आणली आणि बायकोच्या हातात भरली, आणि तीही हात पुढे करून बसली. जाऊन सदूचं नरडं धरायचं सोडून. बांगड्या चुलीत टाकायच्या सोडून. तो पाऊल न वाजवता मागे फिरला आणि दुसऱ्या दिवशी गणपती जायच्या आधीच मुंबईला गेला. मचवा विकला गेला, चांगदेव दर्यावर पुन्हा गेला नाही, बायकांच्या बरोबरीने वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळवायला बसू लागला. जनी टोपली घेऊन रेवदंड्याच्या बाजारात आणि पार माणगावपर्यंत जायची, घर चाललं. शिवदास वर्षातून एकदोनदा यायचा, बघायचा, परत जायचा. आणि मग त्याने तांडेल काढला, ज्याने दोर कापले नाहीत असा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. एसटी नागावच्या माडांमधून जात होती आणि त्याला स्वच्छ वाटून गेलं की आपण बापाचं चित्र काढलं नव्हतं, बापाच्या जागी दुसरा माणूस उभा केला होता, आणि एका निष्काळजी छापखान्याने त्या दुसऱ्या माणसाला हाकलून दिलं होतं.

कोळीवाड्यात शिरताना पहिल्याच ओट्यावर सदू जाळं शिवत बसला होता, तोही आता म्हातारा. त्याच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याने शिवदासकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं, काही बोलणार होता, पण त्याने सुतळी दातात धरली. पुढच्या घरातही होतं, आणि त्याच्या पुढच्याही. कोणी हसलं नाही. पोरीबायका नेहमीसारख्या म्हणाल्या, कवा आयलास, नलू बरी हाय ना. शिवदासला वाटलं हसून झालं असेल, आठवडाभर हसले असतील, आता थकले. घरी आई ओटीवर सुरमई कापत होती. कापायला तीच सुरी होती, बापाच्या कमरेची, झिजून झिजून बोटाएवढी राहिलेली. त्याच्या चित्रातली सुरी चांगली वीतभर होती आणि चकाकत होती. आईच्या उजव्या हातात गोठाशेजारी दोनच काचेच्या बांगड्या उरल्या होत्या. ती म्हणाली की संक्रांत आली, डाव्या हाताच्या बांगड्या कासारणीकडून भरून झाल्या, उजव्याच्या घरी भरायच्या राहिल्यात. मग सुरी धुऊन खाली ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाली, "शिवा, तुज्या बाला काय तो विचारायचा हाय. नीट बोल त्याच्याशी. चार दिस झोपला न्हाय तो."

बाप मागे परसात वलांडीपाशी होता. ओल्या बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या करायच्या आणि बांबूवर टांगायच्या; त्याचे हात ते काम बघितल्याशिवाय करत होते. शिवदासला त्याने बैस म्हटलं, लाँच कशी होती विचारलं, ओकलास का हेही विचारलं, आणि शिवदास नाही म्हणाला. परसाच्या दाराला परसाकडच्या बाजूने कॅलेंडर लावलेलं शिवदासला दिसत होतं. ते आत ओटीच्या भिंतीला नव्हतं, तिथे लावलं असतं तर इथे बसल्या जागेवरून दिसलं नसतं. बापाने ते अशा ठिकाणी लावलं होतं की काम करताना मान वर केली की दिसावं. आपण किती उशिरा पोचलो हे त्याच्या लक्षात आलं. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण बापच आधी बोलला.

"लोकं आयले व्हते. सदू आयला व्हता. बोलला, चांगा, तुज्या पोरानं तुजी इज्जत भिंतीला टांगली. मी त्याला बोललो, माज्या पोरानं खरा काय ता काडलाय. सुरी डाव्या हातान, ती तशीच व्हती. आन जनीचा उजवा हात. तवा सदू काय बोलला न्हाय. ती बांगड्यांची माल कोनी बांदली ता त्याला पन म्हाईत हाय." त्याने एक जोडी बांबूवर टाकली. "मंग शालेचा मास्तर आयला. त्यो बोलतंय, तुजा नाव खाली उलटा हाय. छापनाऱ्याची चूक झाली बोलतंय, चित्र उलटा छापलाय. मना वाचता येत न्हाय. तूच सांग. जानून काडलास का चूक झाली?"

शिवदासला वाटलं होतं त्याच्या नेमकं उलटं घडत होतं. ज्याची समजूत काढायला तो आला होता त्याला समजूत नको होती. एक होकार द्यायचा, मान हलवायची, की झालं. बाप आज रात्री झोपला असता, सदू जन्माचा गप्प बसला असता, आणि हे चित्र, प्रशस्तिपत्रातलं नव्हे तर हे पालथं पडलेलं चित्र, खरंच त्याचं झालं असतं. जाणून काढलं म्हणायला जड काय होतं? पण बाप हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत होता, आणि ही नजर त्याने पूर्वी पाहिली होती. ज्या पहाटे बापाने त्याला उठवलं नाही त्या पहाटे दारात थांबून तो असाच बघत होता. तेव्हा शिवदासने डोळे मिटून घेतले होते, झोपेचं सोंग घेतलं होतं. आता परत सोंग घ्यायचं त्याच्याच्याने होईना. तो म्हणाला, "मास्तर बोलतो ता खरा हाय, बा. मी सुरी उजव्या हातान दिलेली. आयचा हात डावा काडलेला. छापताना उलटा झाला."

चांगदेव रागावलेला दिसला नाही. त्याने खाली पाटीत हात घातला, एक बोंबील उचलला, दुसरा उचलला, जबडे अडकवले, पण टांगले नाहीत, तसेच मांडीवर धरून बसला.

"त्या दिशी तू दारात व्हतास," तो म्हणाला. "मना तुजं पाय दिसलं. मना वाटला, त्या दिशीचाच काडलास."

आठ वर्षं त्याला वाटत होतं की त्याने बापाला पाहिलं आणि बापाने त्याला पाहिलं नाही. दार अर्धं लोटलेलं होतं, त्याच्या खालून त्याचे पाय दिसत असणारच. इतकी साधी गोष्ट. म्हणजे त्याने पाठ फिरवली तीही बापाने पाहिली होती, आणि तरीही राहिलेल्या बांगड्या भरून पुऱ्या केल्या होत्या. त्याला एकदम रडू आलं आणि त्याने ते आवरलंही नाही, नुसता शर्टाच्या बाहीने नाक पुसत राहिला. बापाने त्याला रडू दिलं.

"यो छापनारा कोन हाय?" काही वेळाने त्याने विचारलं. "कोली हाय काय?"

"न्हाय. कोन ता मना पन म्हाईत न्हाय."

"तरी त्यानं बरोबर छापलान," चांगदेव म्हणाला, आणि जोडी बांबूवर टाकून उठला.

त्याने रांजणाजवळ हात धुतले, दोनदा धुतले, वास जाईपर्यंत राखेने चोळले, आणि घरात गेला. शिवदास मागोमाग गेला. कोनाड्यात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, शेजारी खोबरेलाची वाटी. चुलीवर भाताला आधण आलं होतं. चांगदेव चुलीपाशी उकिडवा बसला आणि जनीला म्हणाला की आण तो हात. ती म्हणाली, आता? पोरासमोर? तो नुसता पंजा पुढे करून बसला. मग तिने तांदूळ वैरले, पदराला हात पुसला, पाट ओढला, आणि गोठ काढून बाजूला ठेवला. शिवदास दारात उभा होता. त्याच्या पिशवीत स्केचची वही होती, ती नेहमीच असते. त्याने ती काढली, आत आला, आणि दोघांच्या जवळ, जितक्या जवळ सावली पडणार नाही तितक्या जवळ, जमिनीवर मांडी घालून बसला. बापाने वर पाहिलं नाही. त्याने तेल लावलं, अंगठ्याखालचं हाड दाबलं. पहिली बांगडी गेली. दुसरी गाठीवर अडली आणि कट्कन फुटली, काचेचा तुकडा त्याच्या बोटाला लागला, त्याने तो तोंडात धरून चोखला आणि तिसरी घेतली. शिवदासची पहिली रेघ बापाच्या अंगठ्याची होती. अंगठा आता जाड आणि वाकडा झाला होता, नखात बोंबलाचा खवला अडकलेला. पैलवानाचा अंगठा काढायला त्याला मिनिट लागलं नव्हतं. हा येईना. त्याने पान उलटलं आणि पुन्हा सुरू केलं. तिचा पंजा त्याच्या पंजात कुठे संपतो आणि त्याचा कुठे सुरू होतो हे कळायला त्याला वेळ लागत होता, तेलाने दोघांचेही हात सारखेच चकाकत होते. बांगड्या भरून झाल्या. चांगदेवाने तिचं मनगट फिरवून बघितलं, सगळ्या सारख्या बसल्या का ते, आणि मग विचारलं,

"झाला काय तुजा?"

"न्हाय, बा. अजून न्हाय."

"मंग ऱ्हाव दे हात असाच," तो जनीला म्हणाला.

जनी म्हणाली की भात लागेल. चुलीवर खरोखरच झाकण थडथडत होतं आणि करपल्याचा वास यायला लागला होता. पण तिने हात काढून घेतला नाही.